रोग्यांचे सेवक संत जोसेफ वाझ

धर्मग्रामाचा ज्युबिली महोत्सव म्हटला म्हणजे देवालयाचा पाया कोणी घातला, घंटा कोणी अर्पण केली, कोणकोणते धर्मगुरू येऊन गेले, ह्यांची हकीकत स्मरणिकेत यावी हे योग्यच आहे. आमच्या वाट्यास एका संताचे चरित्र लिहिण्याचे काम आले, तेव्हा दगडाविटांच्या मंदिरावरून आमचे मन त्या दुसऱ्या मंदिराकडे वळले, ज्याविषयी संत पौलाने करिंथकरांस लिहिले आहे. मनुष्याचे शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर होय, ही शिकवण आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करतो. परंतु ह्या मंदिरास गळती लागली, भिंतीस भेग पडली, तर डागडुजी कोणाचे काम, असे विचारले असता पुष्कळ भाविक गोंधळतात. शरीर म्हणजे मोहाचे घर, ते जितके झिजवावे तितका आत्मा उजळतो, अशी एक समजूत आपल्यांत खोल रुजलेली आहे. तिचा कस पाहण्यास गोव्याच्या संत जोसेफ वाझ ह्यांच्या चरित्रासारखे दुसरे चरित्र आम्हांस सुचत नाही. कारण ह्या पुरुषाने स्वतःच्या देहास फारशी सवलत दिली नाही, आणि परक्याच्या देहाची मात्र आईच्या मायेने निगा राखिली.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी दक्षिण गोव्यातील बाणावली गावी, आजोळी झाला. पित्याचे नाव ख्रिस्तोव्हांव वाझ, मातेचे मारिया द मिरांडा. घराणे सांकवाळचे, मूळचे ब्राह्मण आणि पुढे ख्रिस्ती झालेले. सहा भावंडांत हे तिसरे. सांकवाळीस पोर्तुगीज व बाणावलीस लॅटिन शिकून ते जुन्या गोव्यात गेले, तेथे येशूसंघीयांच्या संत पौल महाविद्यालयात व त्यानंतर दोमिनिकन संघाच्या विद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या ह्यांचा अभ्यास केला.

१६७५ साली त्यांस डीकनपदाची दीक्षा मिळाली, आणि ही दीक्षा देणारे बिशप कोण, हे आम्हां सोलापूरकरांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. विजापूर व गोवळकोंडा ह्या प्रांतांसाठी पोपमहाशयांनी नेमिलेले प्रतिनिधी बिशप कुस्तोदियो द पिन्यो हे ते होत. विजापूर आपल्यापासून सुमारे शंभर किलोमीटरांवर. ज्या आदिलशाहीसाठी तो प्रांत नेमिला होता, तिनेच आपल्या भुईकोट किल्ल्यावरून अहमदनगरच्या निजामशाहीशी वर्षानुवर्षे भांडण केले. तेव्हा हा संत अगदीच परमुलखीचा नव्हे, असे आम्ही म्हटले तर ती केवळ बढाई समजू नये. पुढल्या वर्षी, १६७६ साली, गोव्याचे आर्चबिशप आंतोनियो ब्रांदांव ह्यांच्या हस्ते त्यांस गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत फादर वाझ ह्यांनी पायांतील जोडे काढिले. गोरगरीब अनवाणी चालतात, मग त्यांचा धर्मगुरू का न चालावा, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्या काळचे जुने गोवे म्हणजे वैभव ओसरू लागलेले नगर. देवालयांचे उंच मनोरे उभे होते, पण वारंवारच्या साथींनी घरे ओस पडत चालली होती. राजाचे इस्पितळ होते, येशूसंघीयांच्या देखरेखीखाली चालल्याच्या काळात युरोपीय प्रवाशांनी त्याची फार वाखाणणी केली आहे. उपदेशपीठ आणि रोग्याचे अंथरूण ही दोन्ही एकाच ख्रिस्तसभेची, ही गोष्ट तेथे वाढलेल्या तरुणास निराळी शिकविण्याची गरज पडली नसावी.

१६८१ ते १६८४ ही वर्षे त्यांनी कानडा मुलखात, मंगळूर, बसरूर, कल्याणपूर ह्या भागांत विखुरलेल्या ख्रिस्ती लोकांची घडी बसविण्यात घालविली. परत आल्यावर १६८५ साली गोव्यातील काही एतद्देशीय धर्मगुरू एकत्र राहू लागले होते त्यांस ते मिळाले, आणि त्यांच्याच नेतृत्वाखाली त्या मंडळीने रोमच्या संत फिलिप नेरी ह्यांच्या ऑरेटरीचा नियम स्वीकारला. येथे एक आठवण ओघाने सांगतो. १५५० साली रोममध्ये पवित्र ज्युबिली वर्ष पाळले गेले, तेव्हा हजारो गरीब यात्रेकरू पायी चालत आले. त्यांस निवारा, जेवण आणि धुतलेले पाय मिळावेत म्हणून झटणाऱ्या बंधुमंडळाचे प्राण फिलिप नेरी हेच होते. ज्युबिलीचा उत्सव आणि थकलेल्या पायांस कोमट पाणी, ह्यांची सांगड तेव्हापासूनची आहे. आपल्या महोत्सवाच्या मंडपसमितीस हे ठाऊक असो वा नसो.

आता सिलोनची हकीकत. हल्ली त्या देशास श्रीलंका म्हणतात. पोर्तुगिजांच्या हातून १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना डच लोकांनी घेतले. ते काल्विनपंथी असल्यामुळे त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंस देशात राहण्याची मनाई केली. कित्येक वर्षे तेथील कॅथलिक लोकांस मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणसमयी तैलाभ्यंग नाही. हे फादर वाझ ह्यांच्या कानी पडले आणि त्यांच्या जिवास स्वस्थता उरली नाही. १६८६ साली, म्हणजे औरंगजेबाने विजापूर घेतले त्याच साली, ते जॉन नावाच्या इमानी सेवकास बरोबर घेऊन गोव्याहून निघाले आणि १६८७ साली भिकाऱ्याच्या वेषात जाफन्यास उतरले.

उतरले, परंतु उभे राहण्याचे त्राण अंगी नव्हते. प्रवासातील हालांमुळे त्यांस रक्तआवेचा भयंकर विकार जडला. ओळखीचे कोणी नाही, भाषा धड येत नाही, आणि धर्मगुरू म्हणून ओळख द्यावी तर कैद. अशा स्थितीत, चरित्रकार सांगतात, एका गरीब बाईने आणून दिलेल्या भाताच्या पेजेवर त्यांचा जीव वाचला. हा प्रसंग आमच्या मते साऱ्या चरित्राची किल्ली आहे. सिलोनच्या ख्रिस्तसभेचा पुनरुद्धार पुढे ह्या एका मनुष्याच्या हातून झाला, तो आधी कोणा अनामिक स्त्रीच्या वाडगाभर पेजेवर झाला. तिला ईश्वरविद्या येत होती असे नाही. समोरचा मनुष्य कोरडा पडत चालला आहे, त्याच्या पोटात पाणी, मीठ आणि शिजलेले पातळ अन्न गेले पाहिजे, एवढे तिला कळले. आज डॉक्टर जुलाबाच्या रोग्यास पाण्यात साखरमीठ कालवून देतात, त्यामागील तत्त्व हेच आहे. रोग्याचा मृत्यू पुष्कळदा रोगाहून शरीरातील पाणी आटल्यामुळेच होतो.

बरे वाटल्यावर गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भीक मागत हिंडले. ती माळ पाहून ज्यांच्या डोळ्यांत ओळख चमकली त्यांस त्यांनी हळूहळू गाठिले. रात्री मिस्सा, रात्रीच पापनिवेदन, दिवसा लपणे. काही वर्षे अशी गेली. १६९२ साली ते डोंगरातील कँडीच्या राज्याकडे वळले. तो मुलूख डचांच्या सत्तेबाहेर होता. पण तेथेही त्यांस पोर्तुगिजांचा हेर समजून पकडले व तुरुंगात टाकिले. तुरुंगात बसून ते सिंहली भाषा शिकले. पुढे पडलेल्या अवर्षणात त्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला अशी कथा परंपरेने सांगतात, आणि तेव्हापासून राजा विमलधर्मसूरिय दुसरा ह्याची कृपा त्यांस लाभली. राजा बौद्ध होता व अखेरपर्यंत बौद्धच राहिला, परंतु त्याने त्यांस धर्मकार्याची मोकळीक दिली. पावसाची कथा सर्वांस ठाऊक असते. आम्हांस विशेष वाटते ते पुढचे.

१६९७ साली कँडी शहरात देवीची साथ आली. देवी हा रोग म्हणजे काय हे आपल्या तरुण मंडळींस आता ठाऊक नाही, ही देवाची कृपाच. वृद्धांच्या दंडावर टोचल्याचे दोन वाटोळे वण दिसतात, ते त्याची खूण. प्रथम कडक ताप, मग अंगभर पुटकुळ्या, त्यांत पू. तोंडात व घशात फोड आल्यामुळे पाणी गिळवत नाही. अंगास वस्त्र चिकटते आणि काढताना कातडे निघते. भयंकर प्रकारात दहांपैकी सुमारे तीन रोगी मरत, वाचलेल्यांपैकी कित्येक आंधळे होत. रोग्याच्या श्वासावाटे तसेच त्याच्या कपड्यांतून व खपल्यांतून रोग पसरे. त्यावर औषध नव्हते. इंग्लंडात जेन्नर ह्यांनी गायीच्या देवीची लस १७९६ साली टोचून पाहिली. आपल्या देशात ती प्रथम मुंबईस १४ जून १८०२ रोजी एका तीन वर्षांच्या मुलीस टोचली गेली. भारतात शेवटचा रोगी १९७५ साली आढळला, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. कँडीच्या साथीच्या वेळी ह्यांतील काहीच नव्हते, लसीलाच जवळजवळ शंभर वर्षांचा अवकाश होता.

तेव्हा लोकांनी जे केले त्याचा राग येण्यापूर्वी आपण त्यांच्या जागी असतो तर काय केले असते हे पाहावे. राजा आणि दरबार शहर सोडून गेले. ज्यांस जाणे शक्य होते ते गेले. घरातील माणसास फोड दिसताच त्यास रानात नेऊन टाकीत, किंवा घरातच टाकून सारे निघून जात. त्या ओस पडलेल्या शहरात फादर वाझ थांबले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हाल्यो हेही थांबले. दोघे दररोज रोग्यांस शोधीत हिंडू लागले. सोडून दिलेल्या घरांत त्यांनी रोग्यांस आणून निजविले, रानात पडलेल्यांसाठी खोपी उभारिल्या. त्यांस पाणी पाजावे, पेज भरवावी, जखमा धुवाव्यात, घाण काढावी, आणि जे मेले त्यांस स्वतःच्या हातांनी खड्डा खणून पुरावे, हा नेम. रोगी कॅथलिक की बौद्ध, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. ज्याने प्रार्थना मागितली त्याच्याजवळ प्रार्थना केली, ज्याने पाणी मागितले त्यास पाणी दिले. दोघांचाही ह्या साथीत अंत झाला नाही, ही एक आश्चर्याचीच गोष्ट म्हणावयाची.

औषध नसता ह्या सेवेचा उपयोग काय, असे कोणी म्हणेल. वैद्यकीय दृष्टीने पाहिले तरी उपयोग मोठा आहे. टाकून दिलेला रोगी देवीनेच मरतो असे नाही. तो तहानेने मरतो, भुकेने मरतो, चिघळलेल्या जखमेने मरतो. त्यास सावलीत आणिले, घोटघोट पाणी दिले, अंग पुसले, तर त्याच्या देहास झुंजण्यास अवसर मिळतो. प्रेताची लवकर विल्हेवाट लाविली की जिवंतांस शहर राहण्याजोगे होते. पुढे राजाने कबुली दिली, असे चरित्रकार लिहितात, की हे गुरुजी नसते तर कँडीचे रस्ते प्रेतांनी भरले असते. फादर वाझ ह्यांचे पहिले चरित्र पोर्तुगीज भाषेत १७४५ साली प्रसिद्ध झाले.

ही हकीकत आम्ही पूर्वी अनेकदा वाचली होती, परंतु तिचा अर्थ आम्हांस २०२० आणि २०२१ साली कळला. त्या करोनाच्या साथीत सोलापुरातही घराघरांतून भीती शिरली. शेजाऱ्याने शेजाऱ्याचे दार टाळिले, आणि प्रेत पिशवीत बांधून आले तेव्हा मुलास बापाचे तोंड पाहता आले नाही. आम्ही लांब उभे राहून अंत्यविधी वाचिला. नियम योग्यच होते, त्यांविषयी आमची तक्रार नाही. संसर्ग टाळणे हेही प्रेमाचेच अंग होय. परंतु आमची पावले नियमामुळे मागे राहिली की भीतीमुळे, हे आमच्या अंतःकरणास ठाऊक आहे. त्याच दिवसांत इस्पितळांतून परिचारिका बारा बारा तास मुखवट्याआड घाम गाळीत रोग्यांचे अंग पुशीत होत्या. त्यांत आपल्या धर्मग्रामातील मुलीही होत्या. त्यांची नावे कोणत्या पाटीवर कोरलेली नाहीत.

परदेशी जाऊन परक्या रोग्यांच्या सेवेत देह ठेवणारा पुरुष आपल्या शहरानेही दिला आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस ह्यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. १९३८ साली ते चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच वारले. ते ख्रिस्ती नव्हते. परंतु ज्या राजाने मत्तयकृत शुभवर्तमानात अखेरच्या न्यायाच्या वेळी आजाऱ्याच्या समाचाराचा हिशेब मागितला आहे, त्याने तो हिशेब केवळ ख्रिस्ती लोकांकडूनच मागितला असे तेथे लिहिलेले नाही.

आता थोडे अवघड बोलावयाचे आहे. गुरुदीक्षा होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि आम्ही एका दुसऱ्या गावी होतो. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा एक गृहस्थ मिस्सा संपल्यावर रोज मागे थांबे. त्यास खोकला होता. तो आमच्याकडे नोव्हेनाची पुस्तिका मागे, मस्तकावर हात ठेवून घेई आणि जाई. प्रायश्चित्तकाळात त्याने चाळीसही दिवस उपवास धरिला, तेव्हा आम्ही उपदेशात, नाव न घेता, त्याच्या निष्ठेची वाखाणणी केली. तो वाळत चालला होता हे आमच्या डोळ्यांस दिसत होते. आम्ही ते तपाचे तेज समजलो. क्षयरोगाची तपासणी व औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, सहा महिने नेमाने गोळ्या घेतल्या तर बहुतेक रोगी बरे होतात, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. एकदा विचारावे, अहो, थुंकी तपासून घेतली का, एवढेच करावयाचे होते. पावसाळ्याच्या तोंडी त्याचा अंत झाला. त्याच्या पत्नीने आम्हांस कधी दोष दिला नाही. तिने आमचे आभार मानिले, आणि ते आम्हांस अजून सोसत नाहीत.

म्हणून संत जोसेफ वाझ ह्यांच्या तपश्चर्येविषयी बोलताना आम्ही जपून बोलतो. ते अनवाणी चालले, थोडे खाल्ले, थोडे निजले, हे खरे. अखेरच्या वर्षांत त्यांची प्रकृती पार खचली हेही खरे. त्यांनी आपला देह झिजविला तो दुसऱ्यांच्या कामी. त्यांच्याकडून अनवाणी चालणे उचलावे आणि पेजेचा वाडगा खाली ठेवावा, हे अनुकरण नव्हे. त्यांनी कोणाही रोग्यास उपाशी राहण्यास सांगितल्याचे आमच्या वाचनात नाही. ख्रिस्तसभेचा कायदादेखील ह्या बाबतीत लोक समजतात त्याहून पुष्कळ मायाळू आहे. उपवासाचे बंधन अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच आहे, आणि आजारी माणसे, गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता ह्यांस ते लागू नाही. मधुमेही आजीबाईंनी राखेच्या बुधवारी गोळी घेऊन उपाशी राहावे आणि दुपारी घेरी येऊन पडावे, ह्याने प्रभू येशू ख्रिस्तास संतोष होत नाही. ज्याने जैराच्या मुलीस उठविल्यावर तिला खावयास द्या म्हणून सांगितले, तो हाच प्रभू.

तसेच रोग्यांच्या अभ्यंगाचे. पूर्वी त्यास अंतिम अभ्यंग म्हणत, म्हणून आजही घरचे लोक धर्मगुरूस अगदी शेवटच्या घटकेस बोलावितात. आम्ही दारात दिसलो की रोग्याचा चेहरा पांढरा पडतो. हा संस्कार मरणाऱ्याचाच नव्हे, आजाऱ्याचा आहे. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, दुखणे बळावू लागताच, तो मागावा. तेल कपाळास आणि तळहातांस लागते, ते देहासच लागते. आपण दर रविवारी विश्वासांगीकार म्हणतो तेव्हा आत्म्याच्या अमरत्वावर थांबत नाही, देहाच्या पुनरुत्थानाची कबुली देतो. विडी वळून वळून ज्या बाईच्या छातीत तंबाखूची धूळ बसली, मागाच्या आवाजाने ज्याचे कान गेले, ते देह पुन्हा उठावयाचे आहेत.

फादर वाझ ह्यांच्या मदतीस गोव्याहून ऑरेटरीचे आणखी धर्मगुरू येत गेले. त्यांत १७०५ साली आलेले फादर जाकोम गोन्साल्विस हे सिंहली आणि तमिळ ग्रंथरचनेबद्दल विशेष नावाजले. फादर वाझ ह्यांस बिशप करण्याचा विचार निघाला तेव्हा त्यांनी तो मान नाकारिला. १७१० पासून त्यांचे दुखणे हटेना. ह्या वेळी सेवा करून घेण्याची पाळी त्यांची होती, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेविला. पुढे तेथील देवालय नष्ट झाले, आणि कित्येकांची प्रेते स्वहस्ते पुरणाऱ्या ह्या पुरुषाची स्वतःची कबर आज कोणास दाखविता येत नाही. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी त्यांस धन्य म्हणून, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी संत म्हणून घोषित केले. दोन्ही समारंभ कोलंबो येथेच झाले.

येत्या १६ जानेवारीस त्यांच्या सणाची मिस्सा सकाळी होईल, आणि ती आटोपताच आपल्या धर्मग्रामाच्या सभागृहात रक्तदाब व रक्तातील साखर तपासण्याची सोय केली आहे. ज्यांस दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे त्यांनी न लाजता सांगावे. थुंकी तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात आम्ही स्वतः बरोबर येऊ. साखर उपाशीपोटी पाहावयाची असल्यामुळे चहा घेऊन येऊ नये. ज्यांस मधुमेहाचे औषध चालू आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांस आधी विचारावे. तपासणीनंतर सर्वांस पेज मिळेल.